काळा उंदीर, पांढरा उंदीर आणि सासऱ्यांचं क्रिएटिनिन

वाचकांचे प्रश्न
(औषधं आणि त्यांच्या दुष्परिणामांविषयीच्या प्रश्नांना बडोद्याच्या एक निवृत्त विषशास्त्रज्ञ या सदरातून उत्तरं देतात. आलेली पत्रं थोडी आटोपशीर करून छापली आहेत.)

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. सासऱ्यांना (वय ६७) फुप्फुसाचा कॅन्सर निघाला म्हणून मे महिन्यात सिस्प्लॅटिन सुरू केलं. दुसऱ्या डोसनंतर आठवड्याने तपासलं तर क्रिएटिनिन ०.९ चं २.६ झालेलं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती. डॉक्टरांनी ते थांबवलं, आता कार्बोप्लॅटिन देणार आहेत. शेजारच्या खाटेवर वाघोडिया रोडचे एक काका होते. वय तेवढंच, औषध तेच, त्यांचे चारही डोस झाले आणि किडनीला धक्कासुद्धा नाही. माझा भाचा एम.एस्सी. करतो. तो म्हणाला, "मामी, उंदरांतही असंच असतं. काळ्याला काही होत नाही, पांढऱ्याची किडनी जाते. सगळं जीन्सवर असतं." हे सासूबाईंनी ऐकलं आणि तेव्हापासून त्यांनी धरलंय की आमच्या घराण्याच्या किडनीतच खोट आहे. यजमानांची आणि माझ्या मुलाची जीनची तपासणी करून घ्या म्हणून रोज मागे लागतात. सासऱ्यांना आधी काही नव्हतं. बीपीची गोळी चालू होती आणि कंबर धरते म्हणून दुखण्याची गोळी, बास. खरंच अशी खोट असते का? तपासणी करावी का?
(नाव छापू नये असं कळवलं आहे.)

उत्तर: तुमचा भाचा खरं बोलला, पण औषधाचं नाव सांगायला विसरला. पांढऱ्या उंदराची किडनी जाते आणि काळा टुणटुणीत राहतो, ही गोष्ट ॲड्रियामायसिन या कॅन्सरच्याच दुसऱ्या औषधाची आहे. तुमच्या सासऱ्यांना दिलं ते सिस्प्लॅटिन. सिस्प्लॅटिनचा एक मोठा डोस द्या, तोच काळा उंदीर तिसऱ्या दिवशी केस पिंजारून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलेला दिसतो. मी बडोद्यातल्या एका औषध कंपनीत ३३ वर्षं काढली, आधी ॲनिमल हाउसमध्ये आणि मग स्लाइड्स वाचायच्या टेबलावर. तो कोपऱ्यातला उंदीर मला अजून दिसतो.

पण भाच्याची गोष्ट आधी पुरी करते, कारण तुमच्या सासूबाईंच्या 'खोट' या शब्दाचं उत्तर तिच्यात आहे. आणि खरं सांगायचं तर तिच्यात माझंही एक जुनं दुखणं आहे.

१९९४ साली आमच्याकडे किडनीला जपणाऱ्या एका रसायनाची चाचणी घ्यायची होती. त्यासाठी आधी किडनी बिघडवावी लागते, आणि ते काम ॲड्रियामायसिन चोख करतं. गुलाबी डोळ्यांचे पांढरे उंदीर, बाल्ब-सी वाणाचे, मागवलेले होते. ते यायला उशीर झाला. साहेब म्हणाले, "घरात काळे आहेत ना? उंदीर तो उंदीर." काळे म्हणजे सी-५७ ब्लॅक-सिक्स, जगभरच्या प्रयोगशाळांतला सगळ्यात खपाचा वाण. मी त्यातले २४ घेतले. एकेकाची शेपटी कोमट पाण्यात धरून शीर फुगवायची आणि किलोला १० मिलिग्रॅम या हिशोबाने, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिग्रॅम, ते केशरी-लाल औषध आत सोडायचं. काळ्याची शेपटीही काळपट, शीर नीट दिसत नाही. दुपारपर्यंत माझी मान आखडली होती.

मग एक दिवसाआड लघवीची पट्टी. उंदीर मुठीत धरला की तो पट्टीवर आपसूक मुततो, त्यासाठी वेगळी कला लागत नाही. तीन आठवडे पट्ट्या बघितल्या. निरोगी उंदराच्या लघवीतही थोडं प्रथिन असतंच, त्याची ती फिकट हिरवी छटा. त्यापुढे काही नाही. साहेबांनी निकाल दिला, "तुझी शीर चुकली." मी म्हटलं, साहेब, ॲड्रियामायसिन शिरेबाहेर सांडलं तर शेपटी सडते. चोवीसच्या चोवीस शेपट्या बघा, एकीवर डाग नाही. ते म्हणाले, मग औषध शिळं असेल.

चार महिन्यांनी पांढरे आले. त्याच खोक्यातल्या बाटल्या, तोच हात, तोच डोस. सातव्या दिवशी पट्टी गडद हिरवी. तिसऱ्या आठवड्यात पोटं पाण्याने तट्ट फुगलेली. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांमध्ये प्रथिनाचे गुलाबी गोळे साचलेले आणि रक्त गाळणारे गुच्छ सुकत चाललेले. तरीही नोंदवहीत काळ्या उंदरांच्या पानावर 'तांत्रिक चूक' असंच लिहिलं गेलं. खाली सही माझी.

२००५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींचा निबंध आला आणि मी तो उभ्याउभ्या वाचला. त्यांनी काळ्याचा आणि पांढऱ्याचा संकर केला होता. आता यातली गंमत बघा. पांढऱ्या बाल्ब-सीची आणि काळ्या ब्लॅक-सिक्सची पिल्लं काळी होत नाहीत, पांढरीही होत नाहीत. आपल्या माळ्यावर दिसतो तसा भुरकट-तपकिरी उंदीर निघतो. आणि ॲड्रियामायसिनपुढे तो भुरका उंदीर काळ्यासारखाच तगतो. याचा अर्थ, किडनी जायला आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही जीनची तीच सदोष प्रत यावी लागते. एकच आली तर दुसरी सांभाळून घेते. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलो ना, तसंच. या भुरक्यांचा पुन्हा पांढऱ्याशी संबंध आणला की पुढच्या पिढीत रंग आणि आजार यांची ताटातूट होते. पांढरा आणि तगडा, भुरका आणि सुजलेला, असे सगळे नमुने मिळतात. पांढरा रंग उंदराच्या सातव्या गुणसूत्रावर ठरतो. हा दोष सापडला सोळाव्यावर. गुलाबी डोळ्यांचा किडनीशी काही संबंध नाही. भाच्याला हे जरूर सांगा, परीक्षेत विचारतील.

२०१० मध्ये त्या जीनचं नावही कळलं, पीआरकेडीसी. आणि सासूबाईंना सांगायचं ते इथे आहे. हा जीन किडनीचा नाहीच. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकदम तुटल्या तर त्या जोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन तो बनवतो. हाच जीन पुरता बिघडला तर उंदरात प्रतिकारशक्तीच तयार होत नाही. तसे उंदीर १९८३ पासून माहीत आहेत आणि कॅन्सरच्या संशोधनात ते सर्रास वापरतात. बाल्ब-सीमध्ये तो पुरता बिघडलेला नसतो, जरासा ढिला असतो. एरवी हा उंदीर खातो, पितो, पिल्लं घालतो, त्याचं काहीही अडत नाही. ॲड्रियामायसिन आलं, त्याने डीएनएवर घाव घातले, आणि दुरुस्ती कमी पडली. आता गाळणीतल्या ज्या पेशी पायांसारख्या फांद्यांनी रक्तवाहिनीला कवटाळून बसतात, त्या एकदा गेल्या की जवळजवळ पुन्हा येत नाहीत. म्हणून दुखणं तिथे दिसलं. खोट कुठे होती आणि उघडी कुठे पडली, बघा.

आणि काळा उंदीर काय सर्वगुणसंपन्न आहे का? तेलकट खाऊ घाला, फुगतो. रक्तातली साखर चढते. म्हातारपणी बहिरा होतो. दारू ठेवली तर बाकीच्या वाणांपेक्षा आवडीने पितो. जोवर त्याला ॲड्रियामायसिन टोचताय तोवरच तो घराण्याची शान.

(मी साहेबांना फोन केला होता. ते निवृत्त होऊन कारेलीबागेत राहत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?")

आता माणसाकडे येऊ. ॲड्रियामायसिन माणसाला द्या, नेहमीच्या डोसात ते किडनीच्या वाटेला फारसं जात नाही. ते हृदय धरतं. म्हणून डॉक्टर आयुष्यभरात दिलेल्या एकूण डोसाचा हिशोब ठेवतात. म्हणजे ज्या औषधाने पांढऱ्या उंदराची किडनी जाते, त्याने माणसाची जातेच असं नाही. उंदरावरून माणसाचा निकाल काढता येत नाही; कुठे शोधायचं ते मात्र कळतं.

सिस्प्लॅटिनचं गणित वेगळं आहे. त्यात प्लॅटिनम आहे, सोनाराकडचंच. १९६५ मध्ये अमेरिकेत रोझेनबर्ग हे प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून वीज सोडून जिवाणूंवर काय होतं ते बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं. थांबवणारी वीज नव्हती, पट्टीतून झिजून उतरलेलं प्लॅटिनम होतं. तिथून हे औषध निघालं. ते लघवीवाटे बाहेर जाताना किडनीच्या नळीतल्या पेशी ते रक्तातून आत ओढून घेतात. ओढणारं दार म्हणजे ओसीटी-२ नावाचं प्रथिन. पेशीत शिरल्यावर ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त साचतं. वॉर्डातल्या दोन खाटांवरच्या बाटल्यांवर डोस सारखा लिहिलेला असेल. नळीच्या पेशीत पोचलेला डोस सारखा असेलच असं नाही. उंदरांत असली दोन दारं आहेत, ओसीटी-१ आणि ओसीटी-२. ज्यांचे हे दोन्ही जीन काढून टाकले त्या उंदरांची किडनी सिस्प्लॅटिननंतर बरीचशी शाबूत राहिली. माणसाच्या किडनीत मुख्य दार एकच, ओसीटी-२. काही माणसांत त्याच्या जीनमध्ये एका अक्षराचा फरक असतो आणि काही अभ्यासांत त्यांना किडनीचा त्रास थोडा कमी झालेला दिसला. थोडा, हा शब्द अधोरेखित करा. पांढऱ्या-काळ्या उंदरासारखा इस पार की उस पार असा तो फरक नाही.

बाल्ब-सी उंदीर किमान २० पिढ्या भावाबहिणींच्या संबंधातून तयार केलेले असतात, म्हणून ते एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात आणि एक जीन असा लखलखीत दिसतो. तुमचे सासरे आणि वाघोडिया रोडचे काका यांच्यात लाखो ठिकाणी फरक आहेत. त्यात वय, पाणी, दुसरी औषधं. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या दर तीन-चार जणांत एकाच्या किडनीला कमी-जास्त धक्का बसतो. इतक्या मोठ्या संख्येला घराण्याची खोट कशी म्हणायची?

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही 'बास' म्हणून संपवलंत. बीपीची गोळी आणि कंबरेसाठी दुखण्याची गोळी. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते या वाक्यासाठी. किडनीत रक्त आणणारी बारीक नलिका सैल राहावी म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वापरतं, विशेषतः अंगात पाणी कमी असताना. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकं तेच बंद करतात, नलिका आवळते. बीपीच्या काही गोळ्या (सगळ्या नव्हेत, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या) पलीकडची, बाहेर नेणारी नलिका सैल करतात. आत येणारं कमी, दाब टिकवणारं कुणी नाही. वर सिस्प्लॅटिनच्या उलट्या. वर बडोद्याचा मे महिना. म्हणूनच सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर सलाइनच्या बाटल्या चढवतात. ते काही बिल वाढवायला नसतं. घरी आल्यावर सासरे किती पाणी प्यायले आणि कंबरेची गोळी दिवसाला किती घेतली, हे कुणी विचारलं होतं का? याचाच दोष असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण जीन तपासायच्या आधी मी गोळ्यांचा डबा तपासला असता.

तेव्हा करायचं ते असं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलवाल्याकडून स्वतःहून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून कार्बोप्लॅटिनच्या आधी डॉक्टरांपुढे ठेवा. कार्बोप्लॅटिन किडनीला पुष्कळ सौम्य आहे, पण त्याचा डोस किडनी किती गाळते यावरूनच ठरवतात. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कंबरेसाठी काय चालेल ते त्यांनाच विचारा. यजमानांची आणि मुलाची जीन-तपासणी नको. सिस्प्लॅटिनआधी किडनीसाठी नेमाने करायची अशी कुठली तपासणी आज नाहीच. पैसे जातील आणि हातात येईल तो कागद वाचायला पुन्हा मलाच पत्र लिहावं लागेल. काही औषधांसाठी तशी तपासणी आहे. फिटांवरच्या कार्बामाझेपिनआधी एचएलए-बी १५०२ हा जीनचा प्रकार बघतात, कारण तो असला तर कातडी सोलवटून निघण्याचा धोका असतो. पण ते औषध वेगळं, आजार वेगळा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या घराण्याची किडनी चांगली आहे.

प्रश्न: मॅडम, मी इंदूरला एम.फार्म. करते. स्विस अल्बिनो उंदरांना सिस्प्लॅटिन देऊन त्यावर एका वनस्पतीच्या अर्काचा परिणाम बघतेय. सहा-सहाचे गट आहेत. पण नुसतं सिस्प्लॅटिन दिलेल्या गटातच कुणाचं क्रिएटिनिन तिप्पट, तर कुणाचं जसंच्या तसं. गाइड म्हणतात माझा हात चुकतोय. उंदीर सगळे पांढरेच आहेत, मग असं का?

उत्तर: 'हात चुकतोय' हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

पांढरे सगळे एक नसतात, बाई. स्विस उंदीर बाल्ब-सीसारखे अंतर्प्रजनित, म्हणजे भावाबहिणींच्या संबंधातून वाढवलेले, नसतात. ते मुद्दाम वेगवेगळ्या रक्ताचे ठेवलेले असतात. तुझ्या पिंजऱ्यातले सहा म्हणजे तुमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला आलेले सहा जण. दिसायला सारखे, पोट प्रत्येकाचं निराळं. त्यामुळे निकाल पसरणारच. गट मोठा घ्यावा लागेल, किंवा अंतर्प्रजनित वाण घ्यावा लागेल. आणि अंतर्प्रजनित घेतलास तर प्रबंधात नुसतं 'ब्लॅक-सिक्स' लिहून थांबू नकोस. 'जे' आणि 'एन' असे त्याचे दोन पोटवाण १९५१ पासून वेगळे वाढत आलेत. 'जे'मध्ये मायटोकॉन्ड्रियातलं एनएनटी नावाचं एक एन्झाइम तुटलेलं आहे, 'एन'मध्ये ते शाबूत आहे. ऑक्सिडेशनच्या माऱ्यावर काम करणाऱ्या कुणालाही हा फरक नडतो, आणि वनस्पतीच्या अर्काचे बहुतेक दावे नेमके त्याच खात्यातले असतात.

नर-मादी मिसळलेत का, ते तू लिहिलं नाहीस. मी कामाला लागले तेव्हा ॲनिमल हाउसचे जुने मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "क्लोरोफॉर्मची बाटली उंदरांच्या खोलीत आणायची नाही. नर मरतात." मला वाटलं सोवळं-ओवळं असेल. पुढे वाचलं तर ते अक्षरशः खरं निघालं. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत नुसत्या वाफेने काही वाणांचे नर पटापट मेले होते, माद्या शेजारच्या पिंजऱ्यात धडधाकट. नराच्या किडनीत टेस्टोस्टेरॉनमुळे एक एन्झाइम जास्त असतं, आणि ते क्लोरोफॉर्मचं फॉस्जीन नावाचं विष करतं. नराचं खच्चीकरण केलं की तो वाचतो, मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं की तीही मरते. त्यातही वाणाचा भेद आहेच: डीबीए वाणाचे नर लवकर जातात, ब्लॅक-सिक्सचे बराच जास्त डोस सोसतात. पॅरासिटॅमॉलच्या जबर डोसाने नर उंदराची किडनी जाते, त्यामागेही तेच एन्झाइम आहे. तुझ्या प्रयोगात क्लोरोफॉर्म नाही, पण नर-मादी एका गटात घातले असतील तर आधी वेगळे काढून आकडे बघ.

आता मोजमाप. तुमच्याकडे क्रिएटिनिन पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या द्रावणाने करतात का? उंदराच्या रक्तात त्या द्रावणाला रंग आणणारी इतरही द्रव्यं असतात, त्यामुळे आकडा फुगतो आणि लहान फरक त्याखाली बुडतात. एन्झाइमची पद्धत वापर. शिवाय क्रिएटिनिन उशिरा चढतं. सिस्प्लॅटिननंतर रक्त कितव्या दिवशी काढलंस? उंदरात ७२ तासांच्या आसपास ते उठून दिसतं. २४ तासांना काढलंस तर काहीच मिळणार नाही. लघवीतलं किम-१, म्हणजे किडनीच्या नळीला इजा झाली की उतरणारं प्रथिन, बघता आलं तर बघ. ते आधी बोलतं. उंदराच्या थोरल्या चुलत्याला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या रॅटला, औषध देऊन केलेल्या चाचण्यांसाठी अमेरिकेच्या आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये लघवीतल्या ज्या सात खुणा मान्य केल्या, त्यात ते आहे.

आणि शेवटी, किडनी फॉर्मॅलिनमध्ये घातलीस ना? नुसत्या रक्तावर विसंबू नकोस. सिस्प्लॅटिनचा घाव बाहेरच्या सालीत शोधू नको. साल आणि गाभा मिळतात त्या पट्ट्यात, सरळ उतरणाऱ्या नळ्यांच्या शेपटाशी तो असतो. उंदराची किडनी वालाएवढी, काप जरा तिरका गेला तर तो पट्टाच स्लाइडवर येत नाही आणि मग 'किडनी नॉर्मल' असं लिहून मोकळे होतात. हे मी स्वतः केलंय, दोनदा.

प्रश्न: आमच्या गावाकडे सापसणीच्या मुळीचा काढा बाळंतिणीला देत. आजीने आयुष्यभर दिला, कुणाला काही झालं नाही. आता म्हणतात तिने किडनी जाते. नैसर्गिक वस्तूबद्दल एवढा गाजावाजा कशाला?
(एक वाचक, प्रतापनगर, बडोदे)

उत्तर: कारण सापसण, ईश्वरी म्हणा हवं तर, ॲरिस्टोलोकिया कुळातली आहे आणि त्या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायला गेलेल्या बायकांना चिनी वनस्पतीच्या गोळ्या दिल्या; त्यात एका निरुपद्रवी मुळीच्या जागी याच कुळातली मुळी आलेली होती. शंभराच्या वर बायकांच्या किडन्या गेल्या, आणि कितीतरी जणींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही गावांतही शेतकऱ्यांच्या किडन्या पिढ्यानपिढ्या जात. गव्हाच्या शेतात हेच तण उगवत होतं आणि त्याचं बी पिठात दळलं जात होतं.

आता तुमच्या आजीचं. त्या गोळ्या ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्या सगळ्या बायका आजारी पडल्या नाहीत. डॅन्यूबकाठी एका घरात दोघं आजारी आणि तीच भाकरी खाणारा तिसरा ठणठणीत, असं दिसतं. उंदरांवर पाहिलं तर तेच: सी-३-एच वाणाचे उंदीर या ॲसिडने लवकर खंगतात, आपला तो ब्लॅक-सिक्स इथेही टिकून राहतो. तुमच्या गावात टिकणारे जास्त असतील. किंवा काढा दोन-चार दिवसच दिला जात असेल. किंवा ज्या दहा वर्षांनी गेल्या, त्यांचं काढ्याशी नातं कुणी जोडलंच नसेल, कारण हे विष दरवाजा वाजवून येत नाही. तिन्हींपैकी काय ते मी सांगू शकत नाही. काढा मात्र देऊ नका.

प्रश्न: मी ग्वाल्हेरला आठवीत शिकतो. मामा म्हणतो, गाईला देतात ते दुखण्याचं औषध गिधाडाला मारतं. मी म्हटलं, गाईला काही होत नाही तर गिधाडाला कसं होईल? आमची पैज लागली आहे. कोण बरोबर?

उत्तर: मामा. औषधाचं नाव डायक्लोफेनॅक. ते दिलेली गाय मेली आणि गिधाडांनी तिचं मांस खाल्लं की त्यांची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडायची. पक्ष्याच्या लघवीत आपल्यासारखा युरिया नसतो, युरिक ॲसिड असतं, पांढरं. किडनी बंद पडली की ते रक्तात साचतं आणि काळजावर, यकृतावर चुन्याचा हात दिल्यासारखा थर चढतो. आपल्याकडची गिधाडं त्यामुळे ९० टक्क्यांहून जास्त गेली. कारण २००४ मध्ये नक्की कळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे बंदी आली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली.

पण मामाला एक प्रश्न तू विचार, म्हणजे पैज अगदीच वाया जाणार नाही. अमेरिकेत टर्की व्हल्चर नावाचं गिधाड आहे. तेही मेलेलंच खातं. त्याला आपल्या गिधाडाला मारणाऱ्या डोसाच्या शंभरपटीहून जास्त डायक्लोफेनॅक देऊन पाहिलं, तरी त्याला काही झालं नाही. का? (उत्तर: नाव गिधाडाचं असलं तरी ते आपल्या गिधाडांच्या जवळच्या नात्यातलं नाही.) गाईचं दुखणं थांबवायला आता मेलॉक्झिकॅम वापरतात. ते गिधाडाला चालतं.